'जलरोधक' शब्दाची चिकित्सा : विद्युत्-नौकेवरील बॅटरीमापकाच्या निमित्ताने

पारिभाषिक शब्दांची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन प्रश्नांपाशी येऊन थांबते. शब्द संस्कृतोद्भव असावा की रूढ असावा, हा पहिला. आणि तो विद्यार्थ्याच्या जिभेवर सहज बसतो की नाही, हा दुसरा. शब्द जे सांगतो ते वस्तुस्थितीस धरून आहे काय, हा तिसरा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वास्तविक शास्त्रीय लेखनात प्रथम विचारावयाचा प्रश्न हाच होय. 'जलरोधक' ह्या आता सर्वत्र रूढ झालेल्या शब्दास तो प्रश्न विचारून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ह्या शब्दाची परीक्षा जेथे खऱ्या अर्थाने होते, असे एक लहानसे उपकरण त्यासाठी घेतले आहे. विजेवर चालणाऱ्या नौकेतील बॅटरीमापक हे ते उपकरण होय.

विद्युत्-नौका ही कल्पना नवी नाही. १८३८ साली याकोबी ह्याने सेंट पीटर्सबर्ग येथे नेवा नदीवर घटमालेच्या बळावर प्रवाशांसह नाव चालवून दाखविली होती. पॅरिसमध्ये सेन नदीवर त्रूव्हे ह्याने १८८१ साली तसाच प्रयोग केला. आपल्या देशात ह्या गोष्टीस नित्याच्या वाहतुकीचे रूप आले ते जानेवारी २०१७ मध्ये. केरळ शासनाच्या जलवाहतूक खात्याची 'आदित्य' ही ७५ प्रवाशांची सौर नौका तेव्हापासून वैकम आणि तवणक्कडवु ह्या दोन तीरांमध्ये चालू झाली. एप्रिल २०२३ मध्ये कोची येथे बॅटरीवर चालणाऱ्या नौकांची जलमेट्रो सुरू झाली. आणि त्याच वर्षी मुंबईच्या माझगाव गोदीसाठी 'बॅराकुडा' नावाची सौर-विद्युत् नौका केरळातच पाण्यात उतरली. महाराष्ट्राच्या खाड्या, नाथसागरासारखे जलाशय आणि गोदावरीवरील बंधाऱ्यांनी अडविलेले पाणी ही ठिकाणे ह्या वाहनास प्रतिकूल आहेत असे मानण्याचे काही कारण दिसत नाही. तेव्हा हा विषय आपला नव्हे, असे म्हणून तो बाजूस सारता येणार नाही.

अशा नौकेत इंधनाची टाकी नसते; काठी बुडवून किती उरले ते पाहण्याची सोय नसते. जुन्या शिसे-आम्ल बॅटरीच्या काळी निदान आम्लाची घनता मोजता येत असे. गॅरेजमधील पोऱ्यादेखील काचेच्या नळीतील तरंगता गोळा पाहून बॅटरी भरलेली आहे की उतरली आहे हे सांगू शके. आजच्या लिथियम लोह फॉस्फेट बॅटरीत तो मार्ग राहिलेला नाही. तिचा विद्युत् दाब पाहावा, तर प्रत्येक घटाचा दाब ३.२ ते ३.३ व्होल्टच्या आसपास दीर्घकाळ जवळजवळ स्थिर राहतो. पाऊण भरलेली आणि पाव भरलेली बॅटरी ह्यांत त्यावरून भेद करणे कठीण. म्हणून बॅटरीमापक हिशेबनीसाचे काम करतो. बॅटरीतून जाणारा आणि येणारा प्रत्येक अँपिअर तो मोजतो आणि जमाखर्चाची बाकी काढून पडद्यावर दाखवितो. मोजण्याचे साधन म्हणजे शंट, अर्थात अत्यल्प रोध असलेली धातूची पट्टी. ५०० अँपिअर प्रवाहास ५० मिलिव्होल्ट दाब देणारी पट्टी सामान्यतः वापरात असते. म्हणजे एका अँपिअरमागे मिळतो तो केवळ एक दशांश मिलिव्होल्ट.

ह्या आकड्याकडे वाचकाने क्षणभर लक्ष द्यावे. शंटपासून मापकाकडे जाणाऱ्या बारीक तारांच्या सांध्यावर ओल साचली, गंज चढला, की तेथे दोन धातू आणि ओलावा मिळून स्वतःचाच एक क्षुद्र दाब निर्माण होऊ शकतो. तो मिलिव्होल्टच्या शंभराव्या भागाइतका असला, तरी मापकाच्या लेखी तो ०.१ अँपिअर प्रवाह ठरतो. दिवसाला २.४ अँपिअर-तास, महिन्याला ७२ अँपिअर-तास. २०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत एक तृतीयांशाहून अधिक. बॅटरी पूर्ण भारित झाली की मापक आपली बाकी पुन्हा शंभर टक्क्यांवर आणतो, आणि रोज रात्री पूर्ण भारण होणाऱ्या नौकेत ही चूक साठत नाही, हे खरे. परंतु केवळ सौरपट्टांवर अवलंबून असलेल्या लहान नावेत पावसाळ्याचे आठ-आठ दिवस पूर्ण भारणाविना जातात. ओल सर्वांत अधिक असते ते दिवस आणि चूक सर्वांत अधिक साठते ते दिवस एकच असतात. मापक पार बंद पडला तर नावाडी सावध होतो आणि तीराला लागतो. ओलावलेला मापक मात्र बंद पडत नाही. तो पूर्वीच्याच शांतपणे चुकीचा आकडा दाखवीत राहतो, आणि त्या आकड्यावर विसंबून नाव पाण्याच्या मध्यावर जाते.

आता शब्दाकडे वळू. अशा मापकाच्या वेष्टनावर 'जलरोधक' असे लिहिलेले असते आणि शेजारी 'आयपी ६७' अशी एखादी खूण असते. ही खूण ज्या मानकातून येते, त्या आय. ई. सी. ६०५२९ मानकाची पहिली आवृत्ती १९७६ ची आणि दुसरी १९८९ ची. भारतीय मानक ब्यूरोनेही ते आय. एस./आय. ई. सी. ६०५२९ ह्या नावाने स्वीकारले आहे. त्यातील पहिला अंक धूळ व घन वस्तू ह्यांविषयी आणि दुसरा पाण्याविषयी असतो. विशेष हे की, मानक स्वतः 'संरक्षणाच्या श्रेणी' एवढेच म्हणते. 'पाणी शिरणारच नाही' असे अभिवचन त्याच्या नावात नाही. ते अभिवचन दिले ते आपल्या शब्दाने.

मानकाच्या भाषेचा संयम खरोखर वाखाणण्यासारखा आहे. दुसरा अंक ७ असेल तर उपकरण एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास ठेवून पाहिलेले असते. परंतु त्या वेळी पाण्याचे आणि उपकरणाचे तापमान एकमेकांपासून ५ अंशांहून अधिक भिन्न असता कामा नये, अशी अट आहे. ७ अंक मिळालेले उपकरण ५ वा ६ अंकाची, म्हणजे जोराच्या धारेची, परीक्षा उत्तीर्ण झालेच असेल असेही नाही. ती परीक्षा वेगळी द्यावी लागते आणि वेगळी नोंदवावी लागते. आणि आत दव जमून होणारी ओल, गंज, बुरशी, कीटक व सूर्यप्रकाश ह्या गोष्टी आपल्या कक्षेबाहेरच्या आहेत, असे मानक आरंभीच सांगून मोकळे होते. नावेवरील उपकरणाचे शत्रू कोण, असे विचारले तर एखादा जाणता मनुष्य हीच यादी सांगेल.

तापमानाच्या त्या अटीचा अर्थ प्रस्तुत लेखकास उमगला तो पुस्तकात नव्हे, तर गावाकडे. राणीसावरगाव हे परभणी जिल्ह्यातील गंगाखेड तालुक्याचे गाव, गोदावरीच्या दक्षिणेस. गावाला नदीचा काठ नाही आणि तेथे विद्युत्-नौका असण्याचा संभवही नाही. परंतु विहिरीवरच्या मोटारीचे स्टार्टर आहेत, आणि उघड्या रानात विजेचे उपकरण ऊन-पावसापासून कसे जपावे, ह्याचा अनुभव तेथील शेतकऱ्यास कोणत्याही नावाड्याइतकाच आहे. शिवाय पावसासाठी त्याच्याजवळ एक शब्द नाही, अनेक आहेत. वैशाखाच्या तापल्या दुपारी अवचित येऊन तासाभरात निघून जाणारा तो वळीव. श्रावण-भाद्रपदात तीन-तीन दिवस न उघडता लागून राहते ती झड. छपराच्या कडेने गळते ती पागोळी. हिवाळ्याच्या पहाटे पत्र्यावर साचते ते दव. हे पाण्याचे चार प्रकार आहेत आणि उपकरणास त्यांपासून होणारे अपाय चार निरनिराळे आहेत. 'जलरोधक' हा शब्द त्या चोहोंना एकाच 'जला'त बुडवितो.

वळिवाचेच पाहा. वैशाखात परभणीकडे पारा ४२ अंशांच्या वर जातो, तेव्हा उन्हात ठेवलेल्या काळ्या पेटीतील हवा ६० अंशांपर्यंत तापणे मुळीच अशक्य नाही. तीवर एकाएकी २५ अंशांच्या सरी कोसळतात. पेटी घट्ट बंद असेल तर आतील हवेचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात उतरतो : ३३३ वरून २९८, म्हणजे दहा टक्क्यांहून थोडा अधिक. वातावरणाच्या दाबाचा दहावा हिस्सा म्हणजे एक मीटर उंचीच्या पाण्याचा दाब. पाण्यात कधीही न बुडालेली पेटी अशा रीतीने मीटरभर पाण्याखाली असल्यासारखी होते. आणि तिच्या रबरी कडेवर त्या वेळी पाणी साचलेलेच असते. कडेत केसाएवढी फट असली तरी पाणी आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी पेटी तापते तेव्हा हवा बाहेर पडते, पाणी मात्र मागे राहते. प्रयोगशाळेतील परीक्षेने ५ अंशांची मर्यादा घालून जी परिस्थिती टाळली, ती आपल्याकडे दर वर्षी न चुकता येते. ह्यात मानकाचा दोष नाही, कारण त्याने अट लिहून ठेवली आहे. ती वाचण्याची गरज वाटू नये अशी सोय शब्दाने केली, एवढेच.

झडीचा अपाय ह्याच्या उलट जातीचा आहे. तेथे ओढ नाही, वेग नाही. केवळ काळ आहे. ३० अंशांच्या संपृक्त हवेत घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम बाष्प असते आणि २० अंशांस सुमारे १७. पेटीतील हवा रात्री निवली की मधला फरक काचेच्या व मंडलाच्या अंगावर जमा होतो. लिटरभर हवेच्या पेटीत हे पाणी एका रात्री १३ मिलिग्रॅमच भरेल. परंतु पेटी रोज थोडा श्वास घेते आणि रोज थोडे पाणी ठेवून घेते. 'पेटीला आतून घाम फुटला' असे गावाकडे म्हणतात. ह्यापेक्षा नेमके वर्णन आमच्या पाहण्यात नाही.

ह्यावर गावातील उपाय दोन प्रकारचे दिसतात. काही जण स्टार्टरभोवती खताच्या गोणीतील प्लास्टिक गुंडाळून सुतळीने करकचून बांधतात. काही जण निंबाच्या सावलीत, पत्र्याचे पुढे आलेले छत करून, खालची बाजू मोकळी ठेवून पेटी टांगतात. ते तार खालून आत घेतात आणि आत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ देतात, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते. मुंग्यांसाठी आत डांबरगोळ्या टाकतात. पाल मात्र कशालाच जुमानत नाही. लेखकाच्या पाहण्यात असे आले की, गुंडाळलेल्या पेटीतील संपर्कबिंदू आधी हिरवे पडतात आणि टांगलेली पेटी वर्षानुवर्षे चालते. हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. परंतु ते शास्त्राशी विसंगत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत तापमापके ज्या पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवतात, ती टॉमस स्टीव्हन्सन ह्या स्कॉटिश अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात योजिलेली पेटीही ह्याच तत्त्वाची. तिच्या चारी भिंती तिरप्या पट्ट्यांच्या असतात. ऊन व पाऊस बाहेर राहतात, वारा खेळता राहतो. तिला कोणी जलरोधक म्हणणार नाही, आणि तरीही तीत ठेवलेल्या उपकरणाच्या आकड्यावर हवामानखाते विश्वास ठेवते.

मात्र ह्यावरून 'मोकळी पेटी चांगली, बंद पेटी वाईट' असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. मराठवाड्यात धान्य साठविण्याच्या दोन रीती होत्या. कणगी ही बांबूची, शेणामातीने लिंपलेली. तिच्या अंगातून हवा झिरपते. पेव हे जमिनीत खणलेले, तोंड लिंपून पुरते बंद केलेले. दोन्हींत ज्वारी टिके. पेव टिकविते ते पोकळी ठेवत नाही म्हणून. ते तोंडापर्यंत भरावे लागते. वर रिकामी जागा राहिली तर तेथले धान्य प्रथम बिघडते. उपकरणातही हेच दिसते. विद्युत् मंडल राळेत ओतून संपूर्ण भरून टाकले, की पेटीत हवाच राहत नाही. तापण्या-निवण्याने आत ओढून घेण्याजोगे काही उरत नाही. हा पेवाचा मार्ग. मंडलावर राळेचा पातळ लेप द्यावा, पेटीस बाष्प व हवा जाऊ देणारा परंतु थेंब अडविणारा सच्छिद्र पडदा बसवावा, वर छत असावे, हा कणगीचा मार्ग. पहिल्यात दुरुस्ती अशक्य होते, दुसऱ्यात देखरेख वाढते. निवड प्रसंगानुसार करावी. घात करते ती ह्या दोहोंच्या मधली पेटी. ती आत हवा बाळगते, बाहेरून घट्ट दिसते आणि एका रबरी कडेच्या भरवशावर असते. खेदाची गोष्ट ही की, बाजारात 'जलरोधक' ह्या नावाखाली मुख्यत्वे हीच मधली पेटी विकली जाते.

नावेवर आणखी एक विवेक हवा. मापकाचे दोन अवयव असतात : बॅटरीजवळचा शंट व मोजणारे मंडल, आणि नावाड्यासमोरचा पडदा. मोजणारा भाग तळाशी, सावलीत, बिल्जच्या पाण्यापासून उंच ठेवावा. उन्हाचा मारा फक्त पडद्याने सोसावा, कारण पडदा काळवंडला तर तो दिसतो, हिशेब काळवंडला तर दिसत नाही. खाडीच्या खाऱ्या हवेत साध्या तांब्याची तार वेष्टनाच्या आतून काळी पडत जाते. तेथे कथिलाचा मुलामा दिलेली तारच घ्यावी. गोदावरीच्या गोड्या पाण्यात मिठाचे भय नाही, परंतु धूळ आणि वळीव आहेत. तेव्हा कोकणच्या नावेसाठी केलेली व्यवस्था उचलून गंगाखेडच्या नावेवर बसविणे, हाही त्याच एका शब्दाच्या विश्वासातून होणारा प्रमाद ठरेल.

भाषाविषयक मुद्द्याकडे परत येऊ. 'जलरोधक' ह्या शब्दात 'रोधक' हे पद निरपेक्ष अडवणुकीच्या अर्थाने योजिले आहे. परंतु आपल्याच भौतिकीच्या परिभाषेत 'रोध' म्हणजे प्रवाहास होणारा विरोध, आणि 'रोधक' म्हणजे प्रवाह मर्यादित करणारा, पण वाहू देणारा घटक. वीज खरोखर अडवून धरणाऱ्या पदार्थास आपण 'निरोधक' म्हणतो. म्हणजे एकाच प्रबंधाच्या एकाच पानावर विजेचा 'रोधक' वीज जाऊ देतो आणि पाण्याचा 'रोधक' पाणी मुळीच जाऊ देत नाही, असे विद्यार्थ्याने मानावयाचे! गंमत अशी की, ह्या दोहोंत वस्तुस्थितीशी जुळते ते विजेच्या परिभाषेचेच. पेटीदेखील पाणी मर्यादित करते, कायमचे अडवीत नाही. शब्द घडविणाऱ्यांना हे अभिप्रेत नव्हते. पण शब्दाने आपल्या धातूचे सत्य आतल्या आत राखले आहे.

ह्याहून चांगला शब्द नाही काय? 'उच्चतापसह' हा शब्द आपल्याकडे भट्टीच्या विटांसाठी रुळलेला आहे. 'सह' म्हणजे सोसणारा. सोसणे म्हटले की किती, कोठवर, किती वेळ, हे प्रश्न आपोआप येतात. 'जलरोधक' म्हटले की ते मिटतात. 'झडसह', 'धारसह', 'निमज्जनसह', 'बाष्पसह' असे शब्द केले तर मानकातील परीक्षांचा भेद मराठीत प्रथमच दिसू लागेल, आणि 'वळीवसह' ह्या शब्दाने मानकात नसलेली एक परीक्षाही सुचविली जाईल. पेटी तीन तास ६० अंशांवर ठेवून तीवर गार पाण्याची धार सोडणे आणि आतील आर्द्रता व मापकाचा शून्यबिंदू पुन्हा तपासणे, एवढी साधी ती परीक्षा आहे. पदव्युत्तर प्रयोगशाळेच्या साधनांत ती सहज बसते.

एक आक्षेप अपेक्षित आहे. तंत्रज्ञ म्हणेल की अंक स्पष्ट आहे, शब्दाशी आम्हांस कर्तव्य नाही. जाणता मनुष्य अंकच वाचतो. हे तंत्रज्ञापुरते खरे आहे. परंतु मापक विकत घेणारी सहकारी संस्था, तो बसविणारा गावचा वायरमन आणि त्याकडे पाहून नाव सोडणारा नावाडी, हे तिघेही शब्द वाचतात. त्यांच्यासाठी मराठीत लिहिलेले पत्रक हेच मानक असते. आणि पत्रक लिहिणारा मनुष्य बहुधा आपल्याच विभागांतून शिकून गेलेला असतो.

'सह'युक्त शब्दांविरुद्ध खरा आक्षेप वेगळा आहे, आणि तो आम्ही मान्य करतो : 'सह' चा 'बरोबर' हा अर्थ मराठीत इतका प्रबळ आहे की 'जलसह मापक' म्हणजे पाण्यासकट दिलेला मापक असा विनोद वर्गात होणारच. 'उच्चतापसह' ह्या शब्दाला ती अडचण आली नाही, ती वापराच्या सातत्याने. वापर सुरू होईतो निदान एवढे करावे, की विभागाच्या प्रबंधांत व प्रयोगवह्यांत 'जलरोधक' हा शब्द एकटा येऊ देऊ नये; त्यापुढे कोणते पाणी, किती खोल वा किती जोराचे, किती वेळ आणि पेटी त्या वेळी किती तापलेली होती, हे चार तपशील लिहावेत. येत्या वैशाखात राणीसावरगावच्या रानात दोन पेट्या, एक गुंडाळलेली व एक टांगलेली, आत आर्द्रतामापक ठेवून पहिल्या वळिवाची वाट पाहावी, असे लेखकाने योजिले आहे.